कायमची जागा : हायगेटच्या दफनभूमीतला फेरफटका



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी आम्हाला विचारलं, "इतिहासात दुसरं काही उरलं नाही का? स्मशानात काय फिरायचं?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे माणूस स्मशानात कामापुरता जातो, काम झालं की मागे वळून न बघता परततो आणि घरात शिरण्याआधी आंघोळ करतो. तिथे कुणी रेंगाळत नाही. लंडनमध्ये मात्र लोक तिकीट काढून दफनभूमी बघायला जातात, सोबत वाटाड्या घेतात, तासभर चढउतार करतात आणि खूश होऊन परततात. आम्हीही एकदा असेच गेलो. त्या फेरीत जे पाहिलं आणि परतल्यावर जे वाचलं, ते आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

जागेचं नाव हायगेट सेमेटरी. उत्तर लंडनमधल्या एका टेकडीच्या उतारावर ती आहे. आर्चवे स्टेशनला उतरायचं, थोडा चढ चढायचा, वॉटरलो पार्क नावाची बाग ओलांडायची, की स्वेन्स लेन नावाची अरुंद गल्ली लागते. गल्लीच्या पश्चिमेला जुनी दफनभूमी, पूर्वेला नंतर वाढवलेली. दोन्ही मिळून सुमारे ३७ एकर. कबरी सुमारे ५३ हजार आणि त्यांत माणसं सुमारे एक लाख ७० हजार. हे दोन आकडे लक्षात ठेवा. कबरींपेक्षा माणसं तिपटीहून जास्त आहेत. ती कशी मावली, याकडे आपण नंतर येऊ.

आमच्या गटाला वाट दाखवायला एक आजी होत्या. निवृत्तीनंतर आठवड्यातून काही तास हे काम विनामोबदला करणाऱ्या. पायाखाली बघून चाला, वाट सोडू नका, जमीन कुठेही पोकळ असू शकते, असं त्यांनी सुरुवातीलाच बजावलं. मग त्यांनी आम्हाला एक प्रश्न दिला. ही जागा ज्यांनी विकत घेतली, त्यांनी नेमकं काय विकत घेतलं होतं? आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं आम्हाला सापडलेलं उत्तर आहे, असं समजा.

आधी थोडं मागे जाऊ. १८०१ साली लंडनची लोकसंख्या सुमारे दहा लाख होती. १८५१ पर्यंत ती २३ लाखांच्या वर गेली. जिवंत माणसांची राहायची सोय होत नव्हती, तिथे मेलेल्यांची कुठून होणार? शतकानुशतकं मृतांना पुरायचं ते चर्चच्या आवारात. आवार तेवढंच आणि माणसं दुप्पट. मग जुनी कबर उकरून नवी पेटी त्यातच घालायची, जुनी हाडं बाजूला टाकायची, हे सर्रास सुरू झालं. स्ट्रँडजवळ एनन चॅपल नावाचं एक प्रार्थनास्थळ होतं. त्याच्या तळघरात वीसएक वर्षांच्या आत सुमारे १२ हजार मृतदेह कोंबले गेले, असं त्या काळी उघड झालं. वरच्या मजल्यावर प्रार्थना आणि खाली हे. जॉर्ज आल्फ्रेड वॉकर नावाच्या डॉक्टरांनी १८३९ साली लंडनच्या अशा जागांवर पुस्तकच लिहिलं. दुर्गंधीतून रोग पसरतात, अशी तेव्हाच्या वैद्यकाची समजूत होती. ती चुकीची होती, पण त्या चुकीच्या समजुतीतूनच मेलेल्यांना शहराबाहेर न्यायचा बरोबर निर्णय झाला.

दुसरी भीती चोरांची होती. शरीरशास्त्र शिकवण्यासाठी मृतदेह लागत आणि ते पुरवण्यासाठी ताज्या कबरी उकरणाऱ्या टोळ्या होत्या. १८३२ साली कायदा झाला आणि ज्यांना कुणी न्यायला येत नाही अशा मृतदेहांचा वापर करायला परवानगी मिळाली. टोळ्या संपल्या, पण गरिबांच्या मनातली भीती वाढली. अनाथालयात मेलो तर डॉक्टरांच्या टेबलावर जाऊ, ही ती भीती. 'स्वतःची कबर असावी' ही इच्छा त्या काळात इतकी तीव्र का होती, ते यावरून कळतं.

पॅरिसमध्ये १८०४ सालीच पेर लाशेझ नावाची बागेसारखी दफनभूमी सुरू झाली होती. तोच नमुना लंडनने घेतला. १८३३ ते १८४१ या काळात शहराच्या तेव्हाच्या सीमेबाहेर अशा सात मोठ्या दफनभूमी उभ्या राहिल्या. केन्सल ग्रीन पहिली, हायगेट तिसरी. मात्र त्या ना सरकारने काढल्या, ना चर्चने. त्या खासगी कंपन्यांनी काढल्या. भागधारकांनी पैसे घातले आणि नफ्याची अपेक्षा ठेवली. हायगेटच्या कंपनीचं नाव लंडन सेमेटरी कंपनी. तिच्या मागचा माणूस स्टीफन गिअरी, व्यवसायाने वास्तुरचनाकार. टेकडीवरच्या एका जुन्या वाड्याची १७ एकर जागा कंपनीने ३,५०० पौंडांना घेतली. २० मे १८३९ ला लंडनच्या बिशपनी जागेचं पवित्रीकरण केलं. १५ एकर इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या अनुयायांसाठी, दोन एकर वेगळ्या पंथाच्या ख्रिस्त्यांसाठी. म्हणजे मेल्यावरही वाटणी होतीच. सहा दिवसांनी, २६ मेला, पहिलं दफन झालं. एलिझाबेथ जॅक्सन, वय ३६, राहणार सोहो.

कंपनी विकत काय होती, तर कबरीचा हक्क. तो ठरावीक मुदतीचा घेता येई किंवा कायमचा. 'कायमचा' हा शब्द ध्यानात असू द्या.

आता आपण पुन्हा त्या आजींबरोबर चालायला लागू. आवारातल्या पायऱ्या चढून वर गेलं की झाडी सुरू होते. ॲश, सिकमोर, त्यांच्यावर आयव्हीचे वेल. कबरीवरचे दगड तिरके झालेले, काही मुळांनी उचलून धरलेले. उजव्या-डाव्या हाताला खुणाच खुणा दिसतात. उलटी धरलेली मशाल म्हणजे विझलेलं आयुष्य. मधेच तुटलेला खांब म्हणजे अकाली मरण. हातात हात म्हणजे निरोप किंवा पुनर्भेट. जहाजाचा नांगर म्हणजे आशा. सगळ्यात जास्त दिसतो तो कापड पांघरलेला कलश. इथे आम्हाला गंमत वाटली. कलश हा अस्थींचा, म्हणजे दहन करणाऱ्या प्राचीन ग्रीक-रोमनांचा. दहनाची कल्पनाही ज्यांना सहन झाली नसती, त्यांनी आपल्या कबरीवर हौसेने अस्थिकलश कोरून घेतले.

लहान मुलांच्या कबरी पुष्कळ आहेत. त्या काळी इंग्लंडमध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे दीडशे पहिल्या वाढदिवसाआधी जात. दगडांवर महिने आणि दिवससुद्धा मोजून लिहिलेले असतात. आपल्या गटात कुणी आईबाप असेल तर त्या दगडांपाशी पाऊल आपोआप मंदावतं.

आणखी वर गेलं की एकदम इजिप्तच उभा राहतो. कमळाच्या आकाराचे खांब, दोन सुळके, मधे काळोखी वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी दारांच्या दगडी खोल्या. प्रत्येक खोलीत बारा शवपेट्यांसाठी फळ्या, एका कुटुंबाला एक खोली. नेपोलियनच्या इजिप्तच्या मोहिमेनंतर युरोपात इजिप्तचं वेडच लागलं होतं आणि हजारो वर्षं टिकलेल्या थडग्यांचा देश म्हणून ती शैली इथे शोभणारी होती. जाहिरात म्हणूनही उत्तम. आमच्याकडे जागा घ्या, फेरोसारखे टिकाल, असंच जणू सुचवायचं होतं. ही वाट एका गोलाकार खंदकात उघडते. त्याच्या मधोमध दफनभूमीच्याही आधीपासूनचा लेबनॉनचा देवदार उभा होता आणि भोवती कड्यासारख्या खोल्या बांधल्या होत्या. २०१९ साली तो देवदार रोगामुळे कापावा लागला. आता तिथे नवं रोप आहे. फेरोंच्या थाटात बांधलेल्या त्या जागेचा मध्यबिंदूच गेला.

त्याच्या वरच्या अंगाला ज्युलियस बिअर यांची समाधी आहे. फ्रँकफर्टमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेला हा माणूस लंडनला येऊन धनाढ्य झाला, 'ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्राचा मालक झाला. पैसा मिळाला, तरी प्रतिष्ठित वर्तुळात स्थान मिळेना. त्यांची आठ वर्षांची मुलगी एडा गेली आणि १८७० च्या दशकात त्यांनी टेकडीच्या माथ्यावर ही टोलेजंग समाधी बांधली. वरच्या गच्चीवरून लंडनचा देखावा बघायला उच्चभ्रू मंडळी येत. समाधी बरोबर त्या देखाव्याच्या आड आली. हे मुद्दाम केलं असं सांगतात. खरंखोटं बिअरनाच माहीत. आत मात्र एका लहान मुलीला उचलून घेणाऱ्या देवदूताचं शिल्प आहे. ते पाहिलं की सूडाची गोष्ट मागे पडते.

श्रीमंतांचं हे झालं. पण लोकांना सगळ्यात जास्त आवडतात ते दगडी प्राणी. फिरतं प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या जॉर्ज वूमवेल यांच्या थडग्यावर झोपलेला सिंह आहे. टॉम सेयर्स हा विटा रचणारा माणूस उघड्या मुठींनी लढणारा मुष्टियोद्धा झाला. १८६५ साली तो गेला तेव्हा हजारोंची गर्दी लोटली आणि त्याचा कुत्रा वेगळ्या गाडीत बसून अंत्ययात्रेत होता. तोच कुत्रा दगडात त्याच्या पायाशी बसलाय.

आता तो सुरुवातीचा आकडा. ५३ हजार कबरींत एक लाख ७० हजार माणसं कशी? एक कारण कुटुंबांच्या कबरी, एकात चार-सहा जण. दुसरं कारण आजींनी एका मोकळ्या दिसणाऱ्या गवताळ पट्ट्यापाशी थांबून सांगितलं. तिथे दगड नव्हता, सिंह नव्हता, काही नव्हतं. ही सार्वजनिक कबर. खोल खड्डा, त्यात एकावर एक पेट्या, एकमेकांशी काही नातं नसलेल्या माणसांच्या. स्वस्तात काम व्हायचं, पण वर नावाचा दगड लावायचा हक्क मिळत नसे. हायगेटच्या टेकडीवर 'बिघडलेल्या' ठरवलेल्या तरुण मुलींसाठी चर्चची एक सुधारसंस्था होती. कवयित्री ख्रिस्तिना रोझेटी तिथे स्वयंसेविका म्हणून काम करत. त्या संस्थेत वारलेल्या काही मुलीही याच दफनभूमीत नावाच्या दगडाशिवाय आहेत. ख्रिस्तिना स्वतःही इथेच, आपल्या घराण्याच्या कबरीत, नावानिशी.

त्या रोझेटी कबरीचीच आणखी एक गोष्ट. ख्रिस्तिनाचे भाऊ दान्ते गॅब्रिएल रोझेटी, चित्रकार आणि कवी. त्यांची पत्नी एलिझाबेथ सिडल १८६२ साली गेली. शोकाच्या भरात त्यांनी आपल्या कवितांची एकमेव वही तिच्या पेटीत ठेवली. सात वर्षांनी त्यांना त्या कविता छापायच्या होत्या. रीतसर सरकारी परवानगी काढली गेली, रात्री कबर उघडली गेली, वही बाहेर आली, जंतुनाशकात भिजवली गेली आणि १८७० साली संग्रह निघाला. स्वतः रोझेटी तिथे गेले नाहीत. कायमच्या जागेची शांतता सात वर्षं टिकली, आणि ती मोडणारा परका चोर नव्हता.

इथून आपण गल्ली ओलांडून पूर्वेच्या भागात जाऊ. पूर्वी प्रार्थना पश्चिमेच्या चॅपलमध्ये होई आणि दफन पूर्वेला. पवित्र केलेली जमीन सोडून पेटी रस्त्यावर येऊ नये म्हणून पेटी यंत्राने खाली उतरवून गल्लीखालच्या बोगद्यातून पलीकडे नेत. केवढा हा खटाटोप!

पूर्वेला सगळे जातात ते कार्ल मार्क्ससाठी. १७ मार्च १८८३ ला त्यांना पुरलं तेव्हा अवघी दहा-बारा माणसं हजर होती. एंगेल्स बोलले. जागा साधी, आडबाजूची, पत्नी जेनी आधीच तिथे होती. आज दिसतो तो प्रचंड डोक्याचा पुतळा १९५६ चा, त्याआधी दोन वर्षं कबरच तिथे हलवली गेली. म्हणजे मार्क्सही पहिल्या जागी राहिले नाहीत. घरकाम सांभाळणाऱ्या हेलेन डेमुथही त्याच कबरीत आहेत, आणि कामकऱ्यांच्या इतिहासात बसणारी ही गोष्ट पुतळ्याकडे बघत उभे राहिलेल्यांना सहसा ठाऊक नसते. जवळच दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढलेले भारतीय वंशाचे युसुफ दादू आहेत. आणि हो, मार्क्सला भेटायला तिकीट लागतं. त्यावर दर फेरीत कुणीतरी विनोद करतंच. आमच्यातही झाला.

पण त्या विनोदाशीच आपला मूळ प्रश्न येऊन भिडतो. तिकीट का लागतं?

कंपनीचा हिशोब बघा. कायमचा हक्क विकला की पैसे एकदाच येतात. त्यातून बांधकाम होतं, भागधारकांना नफा जातो. जागा शिल्लक आहे तोवर रोज नवे पैसे येतात आणि बागही नेटकी राहते. जागा संपली की आवक थांबते. गवत मात्र वाढायचं थांबत नाही. भिंती पडायच्या थांबत नाहीत. त्यात १८५० च्या दशकापासून नव्या कायद्यांनी स्थानिक मंडळांच्या स्वस्त दफनभूमी निघाल्या. मग पहिलं महायुद्ध आलं, माळी सैन्यात गेले. आणि त्यात दहन आलं.

दहनाचा विषय निघाला म्हणून एक आपल्याकडची आठवण. राजर्षी शाहूंच्या आधीच्या काळातले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीत फ्लोरेन्सला वारले. वय विशी-एकविशीचं. त्यांच्यासोबतच्या मंडळींनी आर्नो नदीच्या काठी, दुसऱ्या एका नदीच्या संगमावर, विधिपूर्वक दहन केलं. फ्लोरेन्सकरांना हे नवीनच होतं. तिथे १८७४ साली छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभारला, तो आजही आहे. इंग्लंडमध्ये दहन बेकायदा नाही असं न्यायालयाने म्हटलं ते १८८४ साली, आणि १८८५ साली वोकिंगच्या दहनगृहात पहिलं दहन झालं. त्या वर्षी एकूण दहनं झाली तीन. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मात्र ब्रिटनमध्ये दफनापेक्षा दहन जास्त होऊ लागलं.

नेमक्या त्याच काळात हायगेट बुडालं. कंपनी मोडकळीला आली, जुनी बाजू रान झाली, दारं फोडली गेली, पेट्या उघड्या पडल्या. १९७० साली तर इथे रक्तपिपासू भूत फिरतं अशी आवई उठली आणि माणसं रात्री भिंतीवरून उड्या मारून शिरली. १९७५ साली पश्चिमेचं फाटक बंद झालं. त्याच वर्षी आसपासच्या रहिवाशांनी 'हायगेट सेमेटरीचे मित्र' अशी संस्था काढली. कोयते-कुऱ्हाडी घेऊन वाट मोकळी करण्यापासून सुरुवात. १९८१ साली सगळ्या जागेची मालकी त्यांच्याकडे आली, किंमत ५० पौंड. १८३९ च्या सुमारास ३,५०० पौंडांना घेतलेल्या रिकाम्या उताराची, त्यावर एवढं सगळं बांधून झाल्यावरची ही किंमत. कारण तिच्याबरोबर जबाबदारी येत होती.

त्या जबाबदारीचा खर्च निघतो तो मुख्यतः तुमच्याआमच्यासारख्यांच्या तिकिटातून आणि देणग्यांतून. आणि नव्या दफनांतूनही, कारण ही दफनभूमी आजही चालू आहे. २०२२ साली ब्रिटिश संसदेने खास हायगेटसाठी कायदा केला. ७५ वर्षांपेक्षा जास्त काळ ज्या कबरीत दफन झालेलं नाही, ती नोटीस देऊन, वारसांनी हरकत घेतली नाही तर, पुन्हा वापरता येते. म्हणजे १८३९ मध्ये विकलेला 'कायमचा' हक्क १८३ वर्षांनी कायद्यानेच सैल केला.

यावर दोन मतं असू शकतात. करार तो करार, मेलेल्याला बोलता येत नाही म्हणून तो मोडायचा का, असं म्हणणारे चूक नाहीत. पण आम्हाला दुसरी बाजू पटते. कंपनीने 'कायमचं' म्हणून जे विकलं ते तिच्या हातात कधीच नव्हतं. दगड विकता येतो, जमीन विकता येते, आठवण ठेवणारा माणूस विकता येत नाही. ज्यांचे वारस विचारायला येतात त्यांच्या कबरी राहतील. बाकीच्यांच्या राहतील त्या आजींसारखी माणसं आठवड्यातून चार तास देतात म्हणून. त्यांनी दिलेल्या प्रश्नाला आमचं उत्तर हे. घेणाऱ्यांनी पुढच्या पिढ्यांची काळजी आगाऊ विकत घ्यायचा प्रयत्न केला होता, आणि ती आगाऊ मिळत नाही.

फेरी संपताना आम्ही त्या आजींना विचारलं, त्या मोकळ्या गवताच्या पट्ट्यापाशी तुम्ही दर वेळी थांबता का? तिथे तर बघायला काहीच नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच थांबते.

शेवटी एक विनंती. यासाठी लंडनला जायलाच हवं असं नाही. मुंबईत शिवडीला ख्रिस्ती दफनभूमी आहे. शहरातल्या जुन्या जागा अपुऱ्या पडल्यावर १८६५ च्या सुमारास, आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर असताना, पूर्वीच्या बागेच्या जागेवर ती सुरू झाली. विचार तोच, हायगेटचा. तिथे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची कबर आहे. आज आपण ज्याला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतो, ती इमारत त्यांनी रचली. ते १९०० साली मुंबईतच वारले. त्यांच्या इमारतीखालून रोज लाखो माणसं जातात. त्यांतल्या पाच-दहा जणांनी एखाद्या रविवारी सकाळी शिवडीला जावं, पहारेकऱ्याला विचारून, वाट न सोडता, हळू चालावं. नावं वाचावीत. आणि जिथे नाव नाही तिथेही क्षणभर थांबावं. घरी येऊन आंघोळ करायला कुणाची हरकत नाही.

 आता प्रश्न असतील तर घेऊ.